अमेरिकेत कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची इंटर्नशिप: क्रेडिट कसं मिळवायचं आणि कोणत्या क्रमाने

सिव्हिलची पदवी घेऊन महाराष्ट्रातून इथे एमएसला येणारी मुलंमुली पहिल्या सेमिस्टरमध्ये एक प्रश्न हमखास विचारतात: आधी इंटर्नशिप मिळू दे, क्रेडिटचं नंतर बघू, चालेल ना? नाही चालणार. आधी क्रेडिटचं बघायचं, मग कामाची तारीख ठरवायची. हा क्रम उलटा झाला की हातात ऑफर असूनही उन्हाळा वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे परवानगीशिवाय काम केल्याची नोंद आपल्या नावावर लागू शकते.

आपल्याकडे चित्र वेगळं असतं. कॉलेजचं पत्र घेऊन ओळखीच्या बिल्डरच्या साइटवर महिना-दोन महिने जायचं, स्लॅबचं काँक्रीट पडताना बघायचं, बीबीएस (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) तपासायचं आणि शेवटी शिक्का मारलेलं सर्टिफिकेट आणायचं. इथे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इंटर्नशिप ही नोकरीच धरतात आणि तिची परवानगी सीपीटी (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग) या तरतुदीखाली मिळते. त्या तरतुदीची अट अशी की काम तुमच्या अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असलं पाहिजे. तसं ते आहे हे बहुतेक विद्यापीठं क्रेडिटच्या कोर्सने दाखवतात. म्हणून क्रेडिट हा इथे नंतर जोडायचा कागद नाही. सगळी परवानगी त्याच्यावर उभी असते.

लेख मुख्यतः एफ-१ वाल्यांसाठी आहे. इथेच वाढलेल्या, नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मराठी मुलांना सीपीटीची पायरी सोडून बाकी बरंचसं तसंच लागू पडेल.

१. आपण पात्र कधी होतो ते आधी मोजा

सीपीटीसाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेलं असावं लागतं. ऑगस्टमध्ये आलेल्यांचं गणित सोपं आहे: फॉल आणि स्प्रिंग झाले की मे महिन्यात वर्ष भरतं आणि पहिलाच उन्हाळा मिळतो.

जानेवारीत आलेल्यांनी मात्र इथेच थांबून नीट विचार करावा. मे उजाडतो तेव्हा त्यांचं एकच सेमिस्टर झालेलं असतं. वर्गातले बाकीचे साइटवर जातात आणि यांना डीएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातले अधिकारी, नकार देतात. उन्हाळ्यात पूर्णवेळ कोर्स घेतले तर ते वर्षात धरतात का, हे प्रवेश घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात डीएसओंना ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

पहिल्या दिवसापासून सीपीटी देतो अशी जाहिरात करणारी विद्यापीठं तुमच्या कानावर येतील. पदव्युत्तर अभ्यासक्रमात सुरुवातीपासूनच प्रत्यक्ष काम अनिवार्य असेल तर वर्षाच्या अटीला अपवाद आहे, हे खरं. पण अशा सीपीटीकडे इमिग्रेशन खातं पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी फार बारकाईने बघतं. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तर सरकारी तपास यंत्रणेनेच उभं केलेलं खोटं विद्यापीठ होतं. २०१९ मध्ये ते उघड झालं तेव्हा तिथे नाव घातलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांना अटक झाली. माझं मत स्पष्ट आहे: या वाटेला जाऊ नका.

मोजायची आणखी एक गोष्ट. एकाच पदवीच्या पातळीवर १२ महिने किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ सीपीटी झाली की ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, मिळत नाही. अर्धवेळ सीपीटी यात धरत नाहीत. एका उन्हाळ्याच्या इंटर्नशिपने काही बिघडत नाही, पण उन्हाळा, मग फॉलमध्ये पूर्णवेळ को-ऑप (सेमिस्टरभराचं काम), मग पुढचा उन्हाळा अशी साखळी जोडणाऱ्यांनी कॅलेंडर समोर घेऊन बेरीज करावी.

हातासरशी आय-२०, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावरचा, आपल्या अभ्यासक्रमाचा सीआयपी कोडही (अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणातला क्रमांक) बघून ठेवा. कन्स्ट्रक्शन इंजिनीअरिंगचा १४.३३०१ हा कोड स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत आहे. पदवीच्या नावात कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट असलं तरी वेगवेगळी विद्यापीठं ती वेगवेगळ्या कोडखाली नोंदवतात आणि ओपीटीची पुढची २४ महिन्यांची स्टेम मुदतवाढ त्या कोडवर ठरते. प्रवेश घ्यायचा बाकी असेल तर विद्यापीठ निवडतानाच हे विचारा.

२. विभागाचे नियम कामाच्या शोधाआधी वाचा

प्रत्येक विभागाचा इंटर्नशिपचा स्वतंत्र कोर्स असतो. त्याला नंबर असतो, एक समन्वयक प्राध्यापक असतात आणि छापील अटी असतात. त्या वाचताना पुढच्या प्रश्नांची उत्तरं वहीत उतरवा: किती क्रेडिट? एका क्रेडिटमागे किती तास काम? आधी कोणते कोर्स झालेले हवेत? किमान ग्रेड किती? अर्जाची शेवटची तारीख कोणती? ग्रेड मिळते की फक्त पास-नापास?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी येतो आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत: हे क्रेडिट पदवीच्या एकूण क्रेडिटमध्ये धरलं जातं का? काही ठिकाणी इंटर्नशिपचे ३ क्रेडिट इलेक्टिव्ह म्हणून चालतात, म्हणजे एक अख्खा कोर्स कमी होतो. काही ठिकाणी ते वरचे धरतात, ट्रान्सक्रिप्टवर दिसतात पण पदवी जवळ आणत नाहीत. उन्हाळी क्रेडिटची फी वेगळी भरावी लागते, त्यामुळे हा थेट पैशांचा प्रश्न आहे. धरले जात असतील तर जेवढे मिळतील तेवढे घ्या. धरले जात नसतील तर सीपीटीला पुरेल एवढाच किमान क्रेडिट घ्या.

फीबद्दल विचारताना फक्त क्रेडिटचा दर विचारू नका. राज्याबाहेरचा दर लागतो का, उन्हाळ्यात आरोग्य विमा आणि विद्यार्थी शुल्क वेगळं लागतं का, शेवटच्या तारखेनंतर विलंब शुल्क किती, हे सगळं मिळून आकडा काढा. पहिला पगार यायच्या आधीच ही फी भरावी लागते.

आणि काम करून झाल्यावर मागाहून क्रेडिट मिळेल हे गृहीत धरू नका. बहुतेक विभाग ते देत नाहीत, आणि एफ-१ वर तर प्रश्नच नाही.

३. काम शोधायला सप्टेंबरमध्येच लागा

बांधकाम कंपन्या पुढच्या उन्हाळ्याची भरती आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू करतात. विभागाचा करिअर फेअर तेव्हाच असतो आणि नुकतीच आलेली मुलं अजून घर, बँक खातं आणि पहिल्या असाइनमेंटमध्ये अडकलेली असतात. तरीही जा. पहिल्या खेपेला ऑफर नाही मिळाली तरी कंपन्या काय विचारतात ते कळतं.

रेझ्युमे इथल्या भाषेत बसवा. बीबीएस इथे कोणाला कळणार नाही, त्याऐवजी रीबारचा (सळयांचा) क्वांटिटी टेकऑफ केला, म्हणजे ड्रॉइंगवरून प्रमाण काढलं, असं लिहा. प्रकल्पाची किंमत कोटींत न देता डॉलरमध्ये द्या, क्षेत्रफळ चौरस फुटांत द्या. कामाच्या पदांची इथली नावं समजून घ्या: साइटवरचा सगळा कारभार सुपरिंटेंडेंटकडे असतो, कागद आणि खर्च प्रोजेक्ट मॅनेजरकडे, आणि त्याच्या हाताखाली प्रोजेक्ट इंजिनीअर. इंटर्नला बहुतेकदा या प्रोजेक्ट इंजिनीअरच्या हाताखाली काम मिळतं.

विद्यापीठात असोसिएटेड जनरल काँट्रॅक्टर्स या बांधकाम कंपन्यांच्या संघटनेची विद्यार्थी शाखा असेल तर सदस्य व्हा. असोसिएटेड स्कूल्स ऑफ कन्स्ट्रक्शनच्या विद्यार्थी स्पर्धा होतात, पश्चिमेकडच्या विद्यापीठांची स्पर्धा दर फेब्रुवारीत नेवाडातल्या रीनो भागात भरते. तिथे कंपन्याच समस्या देतात, त्याच परीक्षक असतात आणि त्याच तिथे भरतीही करतात. संघात जागा मिळत असेल तर सोडू नका. कंपन्यांची यादी हवी असेल तर ईएनआर नियतकालिकाची दरवर्षीची सर्वोच्च ४०० काँट्रॅक्टरांची यादी घ्या आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागापासून सुरुवात करा. मोठ्या नावांकडे सगळेच अर्ज करतात. मधल्या आकाराच्या कंपनीत इंटर्नला जास्त हाताने करायला मिळतं.

अर्जात एक प्रश्न येतो: आत्ता किंवा पुढे व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का? खरं उत्तर द्या. मुलाखतीत मात्र एचआरला नीट समजावून सांगा की या इंटर्नशिपसाठी कंपनीला कुठलाही इमिग्रेशन अर्ज किंवा फी भरावी लागत नाही, परवानगी विद्यापीठ देतं, कंपनीने फक्त ऑफरचं पत्र द्यायचं. कित्येक एचआरना हे माहीत नसतं आणि एफ-१ ऐकल्यावर ते माघार घेतात.

दोन गोष्टी ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. साइट लष्करी तळावर किंवा संघराज्य सरकारच्या सुरक्षित आवारात आहे का? तिथे परदेशी नागरिकाला प्रवेश मिळणं अवघड असतं. आणि साइटवर जायला स्वतःची गाडी लागेल का? बऱ्याच साइट शहराबाहेर असतात, पहाटे ६-७ ला काम सुरू होतं आणि तिकडे बस जात नाही. ड्रायव्हिंग लायसन्स हिवाळ्यातच काढून ठेवा.

ऑफरनंतर पार्श्वभूमी तपासणी आणि अमली पदार्थांची चाचणी होते. गांजा काही राज्यांत कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि व्हिसाधारकाने त्याच्या जवळपासही जाऊ नये. शिवाय एक खास आपल्यासाठी सूचना: चाचणीच्या आधी काही दिवस खसखस खाऊ नका. खसखशीमुळे लघवीच्या चाचणीत मॉर्फीन दिसू शकतं. या चाचण्या नेमक्या दिवाळीच्या आसपास येऊ शकतात, आणि घरून आलेल्या फराळात अनारसे असतातच.

४. ऑफरचं पत्र आणि शिकण्याची उद्दिष्टं

डीएसओंना आणि विभागाला चालेल असं पत्र पहिल्यांदाच मागून घ्या. त्यात कंपनीचं नाव, प्रत्यक्ष कामाच्या जागेचा पत्ता, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, पद, कामाचं स्वरूप आणि देखरेख करणाऱ्याचं नाव हवं. बहुतेक कंपन्या फक्त मुख्य कार्यालयाचा पत्ता घालतात. साइटचा पत्ता ठरला नसेल तर तसं पत्रात लिहून घ्या आणि ठरल्यावर कळवा.

कामाचा पगार डब्ल्यू-२ वर, म्हणजे रीतसर कर्मचारी म्हणून असावा. तुम्हाला स्वतंत्र काँट्रॅक्टर दाखवून १०९९ वर पैसे देतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. बिनपगारी म्हणजे परवानगी नको, असंही समजू नका. तशीही या क्षेत्रात नफ्यावर चालणाऱ्या कंपन्या इंटर्नला तासाप्रमाणे पगार देतात, त्यामुळे फुकट राबवणाऱ्याकडे जायचं कारण नाही.

विभागाचा लर्निंग अॅग्रीमेंट हा फॉर्म बरेच जण घाईत भरतात. साइट मॅनेजमेंट शिकणे, टीमवर्क शिकणे असं मोघम लिहिलं की प्राध्यापक परत पाठवतात, आणि त्यात आठवडा जातो. प्रत्येक उद्दिष्ट एखाद्या झालेल्या कोर्सला आणि हातात दाखवता येईल अशा एखाद्या गोष्टीला बांधा. उदाहरणार्थ: काँक्रीट आणि स्टीलच्या सबमिटलचा (मंजुरीसाठी पाठवलेल्या साहित्याच्या कागदांचा) लॉग दर आठवड्याला अद्ययावत ठेवणे आणि मंजुरीला लागलेले दिवस मोजणे. ड्रॉइंगमधल्या विसंगतीवर आरएफआयचा (डिझायनरकडे लेखी खुलासा मागण्याचा) मसुदा लिहून प्रोजेक्ट इंजिनीअरकडून तपासून घेणे. पुढच्या तीन आठवड्यांचं लुक-अहेड वेळापत्रक प्रत्यक्ष प्रगतीशी ताडून पाहणे. एका ट्रेडचा (म्हणजे कामाच्या एका प्रकाराचा) टेकऑफ स्वतः काढून सबकाँट्रॅक्टरच्या आकड्याशी जुळवणे. अशी चार उद्दिष्टं पुरतात. शेवटचा अहवाल याच चार खांबांवर उभा राहतो, म्हणून इथे दिलेला वेळ पुढे दामदुपटीने परत मिळतो.

५. सीपीटी: नवा आय-२० हातात येईपर्यंत साइटवर पाय नाही

क्रम असा: इंटर्नशिपच्या कोर्सला नोंदणी, प्राध्यापकांची सही, मग डीएसओंकडे अर्ज. ते सेव्हिस या सरकारच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीत नोंद करतात आणि नवा आय-२० देतात. त्याच्या दुसऱ्या पानावर कंपनीचं नाव, तारखा आणि पूर्णवेळ की अर्धवेळ हे छापलेलं असतं. वेगळं ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं, कार्ड लागत नाही. मेच्या सुरुवातीला डीएसओंकडे झुंबड असते, त्यामुळे एप्रिलमध्येच अर्ज करा.

परवानगी त्या कंपनीपुरती, त्या तारखांपुरती आणि तेवढ्याच तासांपुरती असते. बांधकामात या तिन्ही गोष्टी सहज मोडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

साइट बदलते. एका साइटचं काम रखडलं की कंपनी इंटर्नला दुसरीकडे पाठवते. त्यांच्या दृष्टीने ही रोजची गोष्ट आहे. तुम्ही मात्र हलण्याआधी डीएसओंना ईमेल करा.

तास वाढतात. फॉल-स्प्रिंगमध्ये अर्धवेळ सीपीटी असेल तर आठवड्याला २० तास ही मर्यादा आहे. मोठं काँक्रीट ओतण्याचं काम सुरू झालं की मध्येच थांबत नाही, आणि सुपरिंटेंडेंट म्हणतो, अजून दोन तास थांब. त्या आठवड्याचे तास सोमवारपासून मोजत चला आणि गुरुवारीच सांगा की शुक्रवारी माझ्याकडे एवढेच तास उरलेत.

तारीख संपते. काम चांगलं केलं की कंपनी म्हणते, आणखी आठवडाभर राहा. आय-२० वरच्या शेवटच्या तारखेनंतर एक तासही नाही. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी वाढवावी लागते.

उन्हाळ्यासाठी दुसऱ्या शहरात राहायला गेलात तर नवा पत्ता १० दिवसांत कळवावा लागतो. तात्पुरत्या खोलीसाठी विद्यापीठांच्या सबलीज याद्या बघाच, पण त्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळालाही लिहा. कोणाची तरी वरची खोली दोन-अडीच महिन्यांसाठी रिकामी असते, आणि अनोळखी शहरात एक घर माहीत असणं फार आधाराचं असतं.

६. सोशल सिक्युरिटी नंबर, आय-९, डब्ल्यू-४

नंबर आधीपासून नसेल तर काम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासून सोशल सिक्युरिटी कार्यालयात अर्ज करता येतो, त्याहून आधी नाही. सगळे कागद एका फोल्डरमध्ये मूळ प्रतींसह न्या:

- पासपोर्ट आणि व्हिसा
- ताजा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), वेबसाइटवरून छापलेला
- सीपीटीची नोंद असलेला नवा आय-२०, सही केलेला
- डीएसओंचं पत्र
- कंपनीचं पत्र
- भरलेला एसएस-५ फॉर्म (या नंबरचा अर्ज)

आय-९, म्हणजे कामाची परवानगी पडताळायच्या फॉर्मसाठी, पासपोर्ट, आय-९४ आणि आय-२० चालतात. कंपनीने तो फॉर्म काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत पूर्ण करायचा असतो, म्हणून पहिल्या दिवशी मूळ कागद बरोबर ठेवा.

आता कराची गोष्ट, कारण इथे पैसे जातात. एफ-१ विद्यार्थी सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरला जातो आणि त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापायचे नसतात. पेरोलच्या माणसांना हे बऱ्याचदा माहीत नसतं. पहिली पगार चिठ्ठी आली की त्या दोन ओळी बघा. कापले असतील तर लगेच कंपनीलाच लेखी कळवा आणि परत मागा, कंपनीने नाही दिले तरच फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून आयआरएस या कर खात्याकडे जायचं. पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा डब्ल्यू-४ भरतानाही अनिवासींसाठीच्या वेगळ्या सूचना आहेत, त्या वाचून भरा.

पुढच्या एप्रिलमध्ये १०४०-एनआर आणि ८८४३ हे कराचे फॉर्म भरायचे. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ही सवलत नाही, त्यामुळे वर्गातल्या चिनी किंवा इराणी मित्राचा फॉर्म बघून स्वतःचा भरू नका.

७. साइटवर जाण्याआधीची तयारी

ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा १० तासांचा बांधकामाचा कोर्स हिवाळ्याच्या सुट्टीत उरकून टाका. एका दिवसात तो पुरा करता येत नाही, किमान दोन दिवस लागतात. न्यू यॉर्क शहरातल्या साइट असतील तर तिथे मोठ्या कामांवर ४० तासांच्या साइट सेफ्टी प्रशिक्षणाचं कार्ड लागतं, ते कंपनीला आधी विचारा.

कार्डापेक्षा त्यातले आकडे लक्षात ठेवा. बांधकामात ६ फूट किंवा त्याहून जास्त उंचीवर पडण्यापासून संरक्षण हवंच. ५ फूट किंवा त्याहून खोल चराला आधार, ढाल किंवा उतार लागतो, चर पूर्ण खडकात असेल तरच सूट. तज्ज्ञाने तपासलेला नसेल तर त्यात उतरू नका, मग खाली कोणीही बोलावत असो. आपल्याकडच्या साइटवर बांबूच्या परांचीवर चप्पल घालून चढणारी माणसं बघत आपण वाढलेलो असतो, त्यामुळे धोक्याची नजर मरते. ती इथे नव्याने कमवावी लागते.

बूट स्वतःचे आणि चांगले घ्या, एएसटीएम एफ२४१३ असं लिहिलेले, आणि कामाच्या आधी दोन आठवडे पायात घालून सैल करा. हेल्मेट, जॅकेट, चष्मा कंपनी देते. मुलींना एक सांगायचंय: मोठ्या मापाचं जॅकेट आणि हातातून निसटणारे मोजे मुकाट्याने घालू नका. जानेवारी २०२५ पासून बांधकामातही संरक्षक साहित्य घालणाऱ्याच्या मापाचं असणं ओशाने स्पष्टपणे बंधनकारक केलं आहे. पहिल्याच दिवशी आपलं माप सांगा. सैल हार्नेस पडताना वाचवत नाही.

आता मापं. भारतात शिकलेल्या सिव्हिलवाल्याची खरी अडचण इथे होते, आणि कोणी मुद्दाम शिकवत नाही.

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर फूट आणि इंच असतात, पण सिव्हिल आणि सर्व्हेच्या ड्रॉइंगवर दशांश फूट असतात. १२.५ फूट म्हणजे १२ फूट ६ इंच, १२ फूट ५ इंच नव्हे. दशांश फुटाचा ०.१ म्हणजे १.२ इंच. एका इंचाच्या अशा घोळात अँकर बोल्ट चुकतात.

रीबारचा नंबर म्हणजे इंचाचे आठवे भाग. ५ नंबरची सळई ५/८ इंच, म्हणजे साधारण आपली १६ मिलिमीटर. ८ नंबरची एक इंच, साधारण २५ मिलिमीटर.

काँक्रीट घनयार्डात मागवतात. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट, ०.७६५ घनमीटर. ताकद पीएसआयमध्ये: ४००० पीएसआय म्हणजे २७.६ मेगापास्कल. पण त्याला सरळ आपल्याकडच्या एम२५ ग्रेडच्या जवळचं समजू नका. इथे चाचणी सिलिंडरवर होते, आपल्याकडे १५० मिलिमीटरच्या क्यूबवर, आणि त्याच काँक्रीटचा क्यूब सिलिंडरपेक्षा जास्त ताकद दाखवतो.

लाकडी चौकटीची घरं आपण बांधलेली नसतात. टू बाय फोर नावाचं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं. टेकऑफ करताना हे विसरलात तर भिंतीची जाडी चुकते. तारीखही महिना आधी, दिवस नंतर. ०६/०७ म्हणजे ७ जून, आणि सबमिटलच्या लॉगमध्ये ही उलटापालट झाली तर मंजुरीची मुदत महिन्याने सरकते.

स्पेसिफिकेशन मास्टरफॉर्मॅट या क्रमांकांच्या पद्धतीच्या विभागांत असतात: ०३ काँक्रीट, ०५ धातू, २६ विद्युत. एवढे तीन-चार पाठ असले तरी पहिल्या आठवड्यात कोणी विभाग ०५ काढ म्हटलं की गडबडायला होत नाही. प्रोकोर आणि ब्लूबीम ही दोन सॉफ्टवेअर जवळपास सगळीकडे भेटतात. प्रोकोरचे प्रशिक्षण कोर्स ऑनलाइन मोफत आहेत, ते करून जा.

८. काम चालू असताना: रोजची नोंद रोज

क्रेडिटसाठी आठवड्याचा जर्नल, तासांचा तक्ता, शेवटचा अहवाल आणि कधीकधी सादरीकरण मागतात. रोज संध्याकाळी दहा ओळी लिहा: आज कोणतं काम झालं, काय अडलं, कोणी कसं सोडवलं, त्यातून वर्गातली कोणती गोष्ट आठवली. आठवड्याच्या शेवटी बसून सगळं आठवायला गेलं की हवामान आणि ट्रेडची नावं एवढंच उरतं, आणि प्राध्यापकांना ते लगेच कळतं.

जर्नलला चांगला मजकूर मिळतो तो अडचणींतून. डक्ट आणि बीम एकमेकांना छेदतायत, आरएफआय गेला, उत्तर यायला किती दिवस लागले, तोवर ड्रायवॉलवाल्यांना कुठे वळवलं, बदलाचा खर्च कोणाच्या माथी गेला. असा एक धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरला की अहवालाचं अर्ध काम होतं. सुपरिंटेंडेंटच्या मागे सकाळच्या फेरीला जायची परवानगी मागा. ही माणसं कमी बोलतात, पण विचारलं तर मनापासून शिकवतात. मला वेळापत्रकातलं जे कळलं ते ट्रेलरमधल्या (साइटवरच्या तात्पुरत्या कार्यालयातल्या) संगणकापेक्षा अशा फेऱ्यांतून जास्त कळलं.

फोटो आणि आकडे मात्र कंपनीचे असतात. अहवालात साइटचे फोटो, बोलीच्या किमती, मालकाचं नाव घालायचं असेल तर प्रोजेक्ट मॅनेजरची लेखी परवानगी घ्या, आणि ती सुरुवातीलाच घ्या. लिंक्डइनवर टाकण्याआधीही हाच नियम.

पगार तासाप्रमाणे असेल तर आठवड्यात ४० तासांच्या वरच्या कामाला दीडपट दर मिळायला हवा. तासांचा स्वतःचा तक्ता ठेवा, तो क्रेडिटलाही लागतो आणि पगार ताडून बघायलाही.

९. शेवटचे दोन आठवडे आणि नंतर

देखरेख करणाऱ्याच्या मूल्यमापनाचा फॉर्म शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नका. बांधकामातली माणसं एका प्रकल्पावरून दुसऱ्यावर जातात, आणि एकदा गेली की ईमेलला उत्तर यायला महिना लागतो. शेवटच्या आधीच्या आठवड्यात छापलेला फॉर्म घेऊन ट्रेलरमध्ये समोर बसा. त्याच वेळी तासांच्या तक्त्यावर सही आणि शिफारशीबद्दल शब्द घ्या.

अहवाल दिला की ग्रेड आपोआप लागेल असं धरू नका. उन्हाळी कोर्सची ग्रेड कधीकधी अपूर्ण म्हणूनच राहते, कारण मूल्यमापन थेट कंपनीकडून प्राध्यापकांकडे जायचं असतं आणि ते गेलेलंच नसतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रान्सक्रिप्ट उघडून बघा. पदवीच्या हिशेबात ते क्रेडिट योग्य रकान्यात बसलंय का, हे सल्लागारांकडून लेखी घ्या. पदवीच्या शेवटच्या सेमिस्टरमध्ये हे लक्षात आलं तर एक कोर्स जास्तीचा घ्यावा लागतो, आणि त्याची फी तुम्हालाच भरायची असते.

जुने आय-२० कधीही टाकू नका, सीपीटीची नोंद असलेले तर मुळीच नाही. ऑफरचं पत्र, पगार चिठ्ठ्या, डब्ल्यू-२ आणि कोर्सचा सिलॅबस यांच्यासह सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढे एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी वकील नेमके हेच कागद मागतात, आणि तोवर विद्यापीठाचा तुमचा लॉगिन बंद झालेला असू शकतो.